स्टीमवर गेम उतरता उतरत नाही: अडतंय कुठे ते ओळखा

प्लॅन १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट), स्पीड टेस्टवर ९४ दिसतात, आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आकडा ११ च्या पुढे सरकत नाही. ही तक्रार वारंवार येते आणि तिच्यात बिघाड काहीच नसतो. इंटरनेटवाले वेग मेगाबिटमध्ये विकतात, गेमची दुकानं तो बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये दाखवतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० ला आठने भागायचं: साडेबारा. त्यातले पाच-सहा टक्के डेटाच्या पाकिटांवर पत्ते लिहिण्यातच खर्च होतात. उरतात साडेअकरा-पावणेबारा. म्हणजे स्टीमवर ११.५ दिसत असतील तर तुमची लाइन पूर्ण भरून वाहते आहे. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली वेग बिटमध्ये दाखवण्याचं बटण आहे. ते चालू करा, म्हणजे प्लॅनशी थेट तुलना करता येते.

वेळेचा हिशोबही एकदा करून ठेवावा. १०० जीबी उतरवायचे असतील तर १०० एमबीपीएसवर कागदावर सव्वादोन तास होतात, प्रत्यक्षात अडीच धरा. ४० एमबीपीएसवर सहा तासांच्या आसपास. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ आणि ‘बॉल्डर्स गेट ३’ या दोन्हींना डिस्कवर १५० जीबी जागा लागते. असा गेम जेवणाच्या वेळेला लावून झोपायच्या आधी खेळायला मिळेल ही अपेक्षाच ४० च्या लाइनवर चुकीची आहे.

हा हिशोब करूनही वेग कमी पडत असेल तर पुढे वाचा. इथे सांगितलेलं विंडोज ११ आणि स्टीम धरून आहे. बाकी दुकानांतला फरक जिथे आहे तिथे सांगितला आहे.

आधी ग्राफ बघा, मग हात लावा

ही समस्या पुन्हा पुन्हा येते त्याचं कारण असं की लोक दहा उपाय एकदम करतात. राउटर बंद-चालू, डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदल, कॅशे (तात्पुरता साठा) साफ, स्टीम नव्याने इन्स्टॉल. त्यातल्या कशाने तरी, किंवा नुसती वेळ टळल्याने, वेग परत येतो. कशाने आला ते कळत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

त्यापेक्षा डाउनलोड चालू करून दहा मिनिटं काहीही न करता बसा. स्टीमच्या डाउनलोड्स पानावर वर ग्राफ असतो: निळ्या पट्ट्या म्हणजे नेटवरून येणारा माल, हिरवी रेघ म्हणजे डिस्कवर चाललेलं काम. शेजारी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबवर जा. आता ग्राफचा आकार बघा.

निळी पट्टी एका उंचीवर टेबलासारखी सपाट असेल तर कुठेतरी मर्यादा लागली आहे. ती प्लॅनची असेल, केबलची असेल, नाहीतर कुणीतरी सेटिंगमध्ये घातलेली असेल. निळी पट्टी करवतीच्या दातांसारखी वर-खाली होत शून्याला टेकत असेल आणि त्याच वेळी हिरवी रेघ चढत असेल, तर इंटरनेटला दोष देऊ नका, कॉम्प्युटरच मागे पडतोय. आणि निळी पट्टी बुटकी, थरथरती असेल, हिरवी रेघही निवांत असेल, तर वाय-फाय किंवा बाहेरची लाइन.

सपाट ग्राफ: आकडाच बोलतो

सपाट ग्राफमध्ये वेग कितीवर थांबलाय तो आकडा लिहून घ्या.

आठ एमबीपीएस, चार एमबीपीएस असा गोल आकडा असेल तर आधी स्टीमच्या डाउनलोड्स सेटिंगमध्ये वेगमर्यादा कुणी लावली आहे का बघा. इथली गंमत अशी की या चौकटीत आकडा किलोबाइटमध्ये घालायचा असतो. घरातल्या कुणीतरी ‘एक हजार म्हणजे भरपूर’ असं समजून १००० टाकलेले असतात, आणि १००० किलोबाइट म्हणजे जेमतेम ८ एमबीपीएस. एपिकच्या लाँचरमध्येही सेटिंग्जखाली अशीच मर्यादेची चौकट आहे, तिथे शून्य म्हणजे मर्यादा नाही. बॅटल-नेटमध्ये चालू अपडेटसाठी वेगळी आणि पुढच्या अपडेटसाठी वेगळी अशा दोन चौकटी असतात. लोक पहिलीच बघतात.

एक्सबॉक्स ॲप किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून गेम घेत असाल तर ॲपमध्ये काही शोधू नका. तो माल विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमधून येतो. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, तिथे पुन्हा ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. पार्श्वभूमीतल्या आणि समोर चाललेल्या डाउनलोडसाठी तिथे वेगवेगळ्या मर्यादा आहेत. कधीकाळी मोबाइल हॉटस्पॉटवर डेटा वाचवायला ५ टक्के करून ठेवलेले असतात आणि फायबर आल्यावर विसरलेले असतात.

महिन्याचे पहिले दहा-बारा दिवस सगळं सुरळीत, मग एके दिवशी धाडकन २ किंवा ४ एमबीपीएस, आणि बिलाच्या तारखेनंतर पुन्हा पहिल्यासारखं? ही एफयूपी आहे, म्हणजे ठरलेला वापर संपला की वेग उतरवण्याचा नियम. ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मोठ्या प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीची रेघ असते. नुसत्या गेमिंगने ती सहसा ओलांडली जात नाही. पण सोसायटीतल्या स्थानिक फायबरवाल्याच्या स्वस्त प्लॅनमध्ये ही रेघ कितीतरी खाली असू शकते, आणि दोन मोठे गेम, घरातला टीव्ही आणि एखाद्याचं घरून काम एवढ्यात ती गाठली जाते. कंपनीच्या ॲपवर किंवा पोर्टलवर वापर दिसतो, आधी तो बघा.

आणि प्लॅन २०० किंवा ३०० चा असून वेग बरोबर ९४-९५ वर सपाट असेल तर तो आकडा केबलचा आहे. याबद्दल जरा सविस्तर, कारण हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो.

चौऱ्याण्णवचं कोडं

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट उघडा आणि लिंक स्पीड वाचा. १०००/१००० असेल तर हा भाग सोडून पुढे जा. १००/१०० असेल तर कॉम्प्युटर आणि राउटर यांनी आपापसात १०० वर तडजोड केली आहे, आणि १०० च्या लिंकवरून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर काही येत नाही.

केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० च्या वेगाला फक्त दोन जोड्या पुरतात: केशरी आणि हिरवी. १००० ला चारही लागतात. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली, तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. तुटलेली तार कुणाच्या लक्षातच येत नाही ती यामुळे. काही ठिकाणी तर जोडणाऱ्याने चारच तारा लावलेल्या सापडतात. त्याच्या दृष्टीने काम झालं, नेट चालू आहे.

प्लग हातात घ्या. वायर खाली, क्लिप पलीकडे, सोनेरी पत्र्या तुमच्याकडे. पारदर्शक प्लास्टिकमधून डावीकडून उजवीकडे रंग वाचा: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. आठही तारांची टोकं पुढच्या भिंतीपर्यंत पोचलेली दिसली पाहिजेत. एखादी एक-दोन मिलिमीटर मागे राहिली असेल तर तिच्यावर पत्री नीट बसलेलीच नसते. मग प्लगचा गळा बघा: वायरचं बाहेरचं आवरण प्लगच्या आत शिरून तिथे दाबलेलं असायला हवं. नुसत्या रंगीत तारा बाहेर लोंबत असतील तर टेबल सरकवल्यावर, झाडू लागल्यावर त्या हळूहळू सुटत जातात. क्लिप तुटलेला प्लग तर आज चालेल, उद्या नाही.

वायरच्या आवरणावर काय छापलंय तेही वाचा. कॅट ५ई किंवा कॅट ६ हवं. स्वस्तातल्या केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. तारेचं टोक ब्लेडने खरवडलं आणि आतून चंदेरी निघालं तर ती तीच. अशी तार एक-दोनदा वाकली की तुटते. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत चार-पाच मीटरचं अंतर असेल तर जुनी केबल दुरुस्त करत बसू नका, दोन्ही टोकं कारखान्यात बसवलेली कॅट ६ ची तयार केबल आणा.

नव्या केबलनेही १०० च राहिलं तर राउटरचं पोर्ट तपासा. इंटरनेट कंपन्या देतात त्या डब्यांपैकी काहींवर एकच पोर्ट गिगाबिटचं आणि बाकीची १०० ची असतात. पोर्टशेजारी जीई आणि एफई असं छापलेलं असतं. जीई म्हणजे गिगाबिट, केबल तिथे लावा. सगळीच एफई असतील तर केबलने ९४ च्या वर जाणार नाही, मग डबा बदलून मागावा लागेल. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ऑटो नेगोशिएशनवर आहे ना तेवढं बघून घ्या.

करवत: नेट थांबतं, डिस्क धावते

स्टीमवरून गेम सरळ फाइल म्हणून येत नाही. दाबून बारीक केलेले सुमारे एक-एक एमबीचे तुकडे येतात. कॉम्प्युटर ते उलगडतो, तुकडा खराब नाही ना तपासतो आणि मग डिस्कवर योग्य जागी लिहितो. लिहिणं मागे पडलं की स्टीम नेटवरून माल घेणं थांबवतं. म्हणून निळी पट्टी शून्यावर येते. लोक नेमक्या या क्षणी राउटर बंद-चालू करतात.

अपडेटच्या वेळी हे फार जाणवतं. अनेक गेम आपला सगळा माल मोठमोठ्या गठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवतात. समजा एक गठ्ठा ४० जीबीचा आहे आणि अपडेटमध्ये त्यातले २०० एमबीच बदललेत. डाउनलोड २०० एमबी, पण स्टीम जुना गठ्ठा वाचत वाचत शेजारी नवा ४० जीबीचा गठ्ठा रचतं. वाचन आणि लेखन मिळून ८० जीबीचं काम. डिस्क दोन्ही धरून सेकंदाला ८० एमबी काढत असेल तर सतरा मिनिटं, जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क ३० वर रखडली तर पाऊण तास. तेवढा वेळ स्टीमवर ‘पॅचिंग’ लिहिलेलं दिसतं आणि नेटचा वेग शून्य. हा बिघाड नाही. मध्येच रद्द करू नका, केलेलं काम वाया जातं. आणि नव्या गठ्ठ्याला जागा लागते, म्हणून २०० एमबीच्या अपडेटला ४० जीबी मोकळे हवेत हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे.

प्रीलोड केलेला, म्हणजे रिलीजआधीच उतरवून ठेवलेला गेम रिलीजच्या रात्री ‘डाउनलोड’ होतोय असं वाटतं, तेव्हाही बहुतेक काम डिस्कचंच असतं. कुलूपबंद उतरवून ठेवलेल्या फाइल उघडून नव्याने लिहाव्या लागतात. हार्ड डिस्कवर यात इतका वेळ जातो की प्रीलोडचा फायदाच उरत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक करा आणि दोन आकडे बघा: ॲक्टिव्ह टाइम आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम. पहिला १०० टक्क्यांना चिकटलेला आणि दुसरा शेकडो मिलिसेकंदांत असेल, आणि लिहिण्याचा वेग मात्र ५-१० एमबी, तर डिस्क दमली आहे. कारणं साधारण अशी सापडतात.

जागा संपत आलेली. एसएसडी असो की हार्ड डिस्क, ९० टक्क्यांच्या वर भरली की लिहिणं मंदावतं. दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवा.

हार्ड डिस्कचा प्रकार. काही हार्ड डिस्कमध्ये जास्त डेटा मावावा म्हणून चुड्या (डेटा लिहायच्या गोल रेघा) कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्याला एसएमआर म्हणतात. एक चुडी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. पहिले काही जीबी झरझर जातात, मग वेग कोसळतो. बरीच ओरड झाल्यावर २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा यांनी कुठली मॉडेलं एसएमआर आहेत ते उघड केलं. डिस्कचा मॉडेल क्रमांक टास्क मॅनेजरमध्येच वर दिसतो, तो शोधून बघा. फोटो-सिनेमे साठवायला अशी डिस्क उत्तम, सतत अपडेट होणाऱ्या गेमला नाही.

स्वस्त एसएसडी. ही पहिला माल आपल्या वेगवान कोपऱ्यात घेते आणि सवडीने आत लावते. कोपरा भरला की काही क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिट कोंबणाऱ्या) एसएसडी हार्ड डिस्कपेक्षाही हळू लिहितात. १०० च्या लाइनवर हे कळत नाही. ३०० च्या पुढच्या लाइनवर ५०-६० जीबी उतरल्यावर अचानक करवत सुरू होते ती यानेच. दहा मिनिटं थांबवून परत सुरू केलं की वेग परत येतो, हीच ओळख.

बाहेरची डिस्क जुन्या पोर्टला. यूएसबी २ च्या पोर्टवरून ३०-४० एमबीच्या वर काही जात नाही. आतून निळं असलेलं पोर्ट बहुधा यूएसबी ३ चं असतं.

डिस्क निवांत आहे पण सीपीयू १०० टक्के? मग टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेसमध्ये कोण खातंय ते बघा. स्टीम स्वतः खात असेल तर उलगडण्याचं काम जड जातंय. लॅपटॉप चार्जरला लावा, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करा, ब्राउझर बंद करा. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ वर असेल तर विंडोजचा अँटिव्हायरस येणारा प्रत्येक तुकडा उघडून बघतोय. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, एक्सक्लूजन्स इथे स्टीमच्या लायब्ररीतलं ‘स्टीमॲप्स’मधलं ‘डाउनलोडिंग’ हे एवढंच फोल्डर घाला. पूर्ण सी ड्राइव्ह किंवा तुमचं नेहमीचं डाउनलोड्स फोल्डर घालू नका, आणि अँटिव्हायरस बंद तर मुळीच करू नका. दोन मिनिटांच्या वेगासाठी दार सताड उघडं टाकण्यात शहाणपण नाही.

थरथरता ग्राफ: आधी वाय-फाय

बाहेरच्या लाइनवर शंका घेण्याआधी वाय-फाय बाजूला काढा. लॅपटॉप राउटरजवळ नेऊन केबलने जोडा आणि तोच डाउनलोड चालवा. वेग सुधारला तर चूक घरातच आहे.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कॉम्प्युटर २.४ गिगाहर्ट्झवर अडकलेला असणं. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये बँड आणि लिंक स्पीड दोन्ही लिहिलेले असतात. २.४ वर लिंक स्पीड ७२ किंवा १४४ दिसला तर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती येतं. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. आठ मजली इमारतीत चाळीस राउटर या तीन चॅनेलांवर बोलत असतात, म्हणून रात्री नऊनंतर वेग बसतो आणि सकाळी सहाला भन्नाट असतो. वीज जाऊन आली की सगळे राउटर एकदम चालू होतात आणि नव्याने चॅनेल निवडतात. काल चांगला असलेला वेग आज बिघडण्यामागे कधीकधी एवढंच असतं. राउटरच्या पानावर जाऊन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला वेगळं नाव द्या आणि कॉम्प्युटर त्यालाच जोडा. मध्ये विटांच्या दोन भिंती असतील तर ५ गिगाहर्ट्झ धाप टाकतं. तिथे केबल ओढणं हाच खरा उपाय, रिपीटर नव्हे. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग आणखी अर्धा होतो.

डेस्कटॉपच्या मागे खोचलेला नखाएवढा वाय-फाय डोंगल हा वेगळाच त्रास. एक तर तो पत्र्याच्या कॅबिनेटच्या सावलीत असतो. दुसरं, यूएसबी ३ ची पोर्टं आणि त्यांना लावलेल्या डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास रेडिओ गोंगाट करतात. शेजारच्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क असेल आणि गेम तिच्यावरच उतरत असेल, तर डिस्क लिहायला लागली की वाय-फाय कोमेजतं, लिहिणं थांबलं की सुधारतं. ग्राफ हुबेहूब करवतीसारखा दिसतो आणि दोष डिस्कवर जातो. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणा. पुष्कळदा एवढ्याने काम होतं.

आणखी एक, सहज न सुचणारं: अपलोड. मोबाइलवरचे लग्नाचे फोटो बॅकअपला लागलेत, किंवा घरातला कॅमेरा क्लाउडवर चित्रण पाठवतोय. माल पोचल्याची पावती तुमच्या कॉम्प्युटरकडून उलट दिशेने जात असते. अपलोडची वाट तुंबली की पावत्या अडकतात आणि डाउनलोड मंदावतो. अपलोड १० एमबीपीएसचं असलेल्या प्लॅनवर हे हमखास होतं. बॅकअप रात्री उशिरा लावा किंवा त्याच्या वेगावर मर्यादा घाला.

मग बाहेरची लाइन आणि स्टीमचा सर्व्हर

केबलने जोडून तीन मोजमापं घ्या. पहिलं, स्पीड टेस्ट जशी येते तशी. दुसरं, त्याच टेस्टमध्ये सर्व्हर बदलून, दुसऱ्या कंपनीचा आणि दुसऱ्या शहरातला. तिसरं, स्टीम. पहिली टेस्ट बहुतेक वेळा तुमच्याच कंपनीच्या सर्व्हरला जाते, म्हणजे घरच्या अंगणात धावून शर्यत जिंकल्यासारखं. पहिली चांगली आणि दुसरी वाईट आली तर कंपनीची बाहेर जाणारी वाट अरुंद आहे. दोन्ही चांगल्या आणि स्टीमच मागे असेल तर डाउनलोड रीजन बदला. सेटिंग्जमध्ये डाउनलोड्सखाली भारतातली मुंबई, चेन्नई, दिल्ली अशी शहरं दिसतील. जवळचं शहर वेगवान असेलच असं नाही, गर्दी कुठे आहे त्यावर ठरतं. पुण्याहून मुंबई रखडत असेल तर चेन्नई, तेही नाही तर सिंगापूर लावून बघा. मोठ्या गेमच्या रिलीजच्या रात्री मात्र सगळीकडेच रांग असते.

डाउनलोड शून्यावर अडकून हलतच नसेल, किंवा एरर देऊन थांबत असेल, तर त्याच पानावरचं ‘क्लिअर डाउनलोड कॅशे’ वापरा. गेम जात नाहीत, पण पुन्हा लॉगिन करावं लागतं, पासवर्ड हाताशी ठेवा. चालू असलेला पण हळू डाउनलोड याने वेगवान होत नाही. व्हीपीएन चालू राहिलेलं नाही ना तेही बघा.

डीएनएस बदलण्याचा सल्ला फार स्वस्त झालाय. डीएनएस फक्त पत्ता सांगतं, माल वाहत नाही. त्याने फरक पडतो तो एवढाच की वेगळा पत्ता मिळाला तर वेगळ्या सर्व्हरकडे जाल. काही कंपन्या लोकप्रिय मालाचा साठा स्वतःच्या जाळ्यात ठेवतात आणि त्याचा पत्ता त्यांच्याच डीएनएसला माहीत असतो. बाहेरचं डीएनएस लावून तो जवळचा साठा हातचा घालवल्याचीही उदाहरणं असतात. बदलून बघा, फरक नाही पडला तर मूळ जागी आणा.

याहून घातक म्हणजे व्हिडिओ बघून केलेले ‘ट्वीक’. विंडोज २० टक्के इंटरनेट राखून ठेवतं ही जुनी अफवा आहे, ते सेटिंग बदलून काही मिळत नाही. टीसीपीचं (नेटवर माल पाठवण्या-घेण्याच्या पद्धतीचं) ऑटोट्यूनिंग बंद करा असं सांगणारे तर थेट नुकसान करतात. ते बंद असलं की कॉम्प्युटर एका वेळी ६४ केबीच माल उधारीवर घेतो आणि पावती पोचेपर्यंत थांबतो. २०० मिलिसेकंद लांबच्या सर्व्हरकडून मग एका जोडणीवर जेमतेम २.६ एमबीपीएस मिळतात, लाइन कितीचीही असो. असं काही केलेलं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटश इंट टीसीपी सेट ग्लोबल ऑटोट्यूनिंगलेव्हल=नॉर्मल’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. त्यातला पहिला शब्द एन, ई, टी, एस, एच असा.

तक्रार करायचीच झाली तर ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. उत्तर ठरलेलं असतं, राउटर बंद करून चालू करा. तीन दिवस सकाळी सातला आणि रात्री दहाला केबलने घेतलेले आकडे, लिंक स्पीड १००० असल्याचा उल्लेख, कुठला सर्व्हर, हे सगळं लिहून द्या आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. त्या नंबरावर दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तंत्रज्ञ घरी आला की त्याला मीटरने फायबरवरची पॉवर मोजायला सांगा. उणे २७ डीबीएमच्या जवळ किंवा खाली असेल तर सिग्नल काठावर आहे. भिंतीच्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या फटीत काटकोनात मुडपलेली पिवळी-पांढरी वायर हे त्याचं नेहमीचं कारण.

लाइनच २०-३० ची असेल आणि बदलणं शक्य नसेल, तर तोच गेम घरातल्या किंवा होस्टेलमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आहे का बघा. फेब्रुवारी २०२३ पासून स्टीम एकाच नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरकडून फाइल थेट घेऊ शकतं. डाउनलोड्स सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीला दोन्हीकडे परवानगी द्या. मित्राचा कॉम्प्युटर असेल तर त्याने मित्रांना देण्याचा पर्याय निवडायला हवा. गिगाबिट केबलवर सेकंदाला १०० एमबीपर्यंत वेग मिळतो, डिस्कने साथ दिली तर. मित्र दुसऱ्या गावात असेल तर त्याच्या ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरातून गेमचं फोल्डर डिस्कवर आणा, आपल्या ‘कॉमन’मध्ये त्याच नावाने ठेवा आणि मगच इन्स्टॉल दाबा. स्टीम आहेत त्या फाइल तपासतं आणि उरलेला फरकच उतरवतं. गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला असायला हवा, हे आलंच. इन्स्टॉल आधी दाबून फोल्डर नंतर टाकलं तर गोंधळ होतो, क्रम चुकवू नका.